बंद करताना आधी सांगा

माझी बायको संगीत करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गाते की वाजवते? दोन्ही उत्तरं पूर्ण बरोबर नाहीत. ती लॅपटॉपवर सूर बांधते. सुरुवातीला ते नुसते आकडे असतात. कोणता स्वर, किती वेळ, किती जोरात. असे थोडेसे स्वर एका ओळीत मांडायचे, आणि सिक्वेन्सर नावाचं सॉफ्टवेअर ती ओळ न थकता पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. वाद्य म्हणाल तर तेही सॉफ्टवेअरच. ओळ तीच राहते, तिचा रंग हळूहळू बदलतो. बंद दाराआड काहीतरी चाललेलं असावं आणि कोणीतरी दार सावकाश उघडत न्यावं, तसा आवाज स्पष्ट होत येतो आणि पुन्हा आत जातो. एक ओळ दुसरीपेक्षा एका स्वराने लांब ठेवली की दोघी एकमेकींपासून सरकत जातात आणि बऱ्याच वेळाने पुन्हा जुळतात. शब्द नाहीत, टाळी धरावी असा ठेका नाही. तिची एकेक रचना पाऊण तास चालते.

नोकरी तिची वेगळी. नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ती यंत्राच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढते. संगीतासाठीचा लॅपटॉप तिथूनच निघालेला, जुना. मी वर्तमानपत्राच्या नगर कचेरीत उपसंपादक आहे. तालुक्यांतून आलेला मजकूर कापून मापात बसवणं हे माझं काम. ‘अभूतपूर्व’, ‘अविस्मरणीय’, ‘मंत्रमुग्ध’ असे शब्द आले की ते आधी जातात. या मजकुरालाही तोच नियम लावला आहे. त्यातून अभिमान दिसलाच तर तो घटनेचा आहे.

तिचं माहेर कोपरगाव तालुक्यातलं. माहेर म्हणजे साखर कारखान्याची कॉलनी. गाळपाच्या हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो आणि कॉलनी त्याच्या कुंपणाला लागून आहे. उसाचे तुकडे करणारी पाती, रस काढणारे रोलर, टर्बाइन, साखर आणि मळी वेगळी करणारी मशीनं, या सगळ्यांचा मिळून तेव्हा एकच आवाज व्हायचा. पाहुण्याला तो पहिल्या दिवशी सोसायचा नाही. कॉलनीतल्यांना तो ऐकूच यायचा नाही. ती माणसं बोलताना थोडी वरच्या पट्टीत बोलतात, एवढीच त्याची खूण.

तिचे वडील, अण्णा, मिलमध्ये, म्हणजे ऊस पिळणाऱ्या विभागात, फिटर होते. मिलच्या रोलरपाशी तोंडाने बोलून काही पोचत नाही, म्हणून तिथे सगळे हाताने बोलायचे. तर्जनी हवेत गोल फिरवली की चालू कर. तळहात उघडा धरून सावकाश खाली नेला की बंद कर. अण्णांची ती सवय घरातही सुटली नाही. जेवताना भाजी नको असली की तळहात खाली यायचा. पंखा लावायचा असला की तर्जनी फिरायची. सासूबाई म्हणायच्या, “तोंड दिलंय देवानं, त्ये कारखान्यात जमा केलंय यांनी.”

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही तिथे गेलो होतो. हंगाम भरात होता. जावयासाठी केलेलं जड जेवण झालं आणि दुपारी सगळं घर झोपलं. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. अचानक अण्णा चटईवरून उठून बसले. पाठोपाठ सासूबाई उठल्या. आतून माझी बायको बाहेर आली, डोळ्यांवर झोप तशीच. समोरच्या घराचं दार उघडलं, शेजारचं उघडलं. गल्लीत माणसं उभी राहिली. कोणी शर्टाची बटणं लावत होतं. सगळ्यांची तोंडं कारखान्याकडे होती. अण्णा चपला घालून निघूनही गेले.

“काय झालं?” मी विचारलं.

“बंद पडली,” सासूबाई म्हणाल्या.

“काय बंद पडलं?”

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “जावईबापू, तुमाला ऐकू न्हाई आलं?”

“काय ऐकू यायला हवं होतं?”

“काईच न्हाई ऐकू येत, त्येच तर!”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की छताच्या पंख्याचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकू येत होता. मिल अडकली होती. मिल चालू असेपर्यंत या माणसांना गाढ झोप लागते आणि ती थांबली की जाग येते, हे बायकोने मला त्या दुपारी सांगितलं. लहान मुलांचंही तसंच. मिल थांबली की पाळण्यातली पोरं रडायला लागतात, असं ती म्हणाली. सासूबाईंनी चहा टाकला, कारण अण्णा लवकर येणार नव्हते. संध्याकाळी आवाज पुन्हा सुरू झाला. तो सुरू झाल्याचं मात्र तिथल्या कोणाच्याही लक्षात आलं नाही. ते मला कळलं.

संगीत तिने त्यानंतर काही वर्षांनी सुरू केलं. इंटरनेटवर कुठल्यातरी परदेशी माणसाचं असं लांबलचक वाजणं तिच्या कानावर पडलं आणि ड्रॉइंग काढताना ती ते ऐकायला लागली. मग हे करतात कसं, याचा शोध सुरू झाला. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एक हेडफोन, आणि नॉब असलेली हाताएवढी एक पेटी. नॉब फिरवला की सॉफ्टवेअरमधला आवाज उघडतो किंवा मिटतो. कोणी शिकवायला नव्हतं. तिने चुका केल्या, पुसल्या, पुन्हा मांडल्या. शेजारच्या वहिनींना वाटायचं की ती सरकारी परीक्षेचा ऑनलाइन क्लास करते.

तयार झालेली पहिली रचना तिने दिवाळीला माहेरी नेली. भाऊबीजेचं जेवण आटोपल्यावर टीव्हीशेजारच्या स्पीकरला लॅपटॉप जोडला. अण्णा खुर्चीत सरसावून बसले. पोरीने काहीतरी केलंय, याचं कौतुक त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. आवाज सुरू झाला. ते ऐकत राहिले. बराच वेळ गेला.

“गाणं कधी सुरू होनार?” त्यांनी विचारलं.

“सुरूच आहे, अण्णा.”

“व्हय? मला वाटलं मशीन गरम होतंय.”

घर हसलं. तीही हसली. पण ते वाक्य तिथेच थांबलं नाही. पुढच्या दिवाळीला, बारशाला, चुलत भावाच्या लग्नात, कोणी विचारलं की आपली ताई म्हणे संगीत करते, की अण्णा सांगायचे, “करती ना. गाणं अजून सुरू व्हायचंय.” लोक हसायचे. प्रत्येक वेळी ती सगळ्यांच्या आधी हसायची. पुण्यात एका छोट्या कार्यक्रमात तिने वाजवलं आणि लोक शेवटपर्यंत शांत बसले. परत येताना एसटीत मी विचारलं, “आता समाधान?” ती म्हणाली, “ते ऐकणारच होते. ते त्यासाठीच आले होते. अण्णांनी एकदा ऐकायला पाहिजे.” यापलीकडे तिला काही नको होतं, आणि तेवढंच मिळत नव्हतं.

या काळात अण्णा निवृत्त झाले. कारखान्याने जुनी मिल काढून नवी बसवली. नव्या मिलला टर्बाइन नाही, विजेच्या मोटरी आहेत, आणि ती कॉलनीपासून लांब, नदीच्या अंगाला आहे. जुनी मिल कापून ट्रकात घालून भंगारात गेली. तिचा आवाज कोणी टेप करून ठेवला नव्हता. रोजचा आवाज कोण टेप करतं? निवृत्त मंडळी आसपासच्या गावांत पांगली. काही कोपरगावात राहायला गेली, अण्णांसारखी. दुपारी झोप लागत नाही, ही त्यांच्यातली नेहमीची तक्रार. डॉक्टर वयाचं कारण सांगायचे.

निवृत्त कामगारांचा मेळावा दरवर्षी दसरा झाल्यावर कॉलनीच्या हॉलमध्ये होतो. बॉयलर पेटलेला असतो, पण गाळपाला अजून अवकाश असतो. सत्कार, भाषणं, जेवण, आणि जेवणानंतर जुन्या सिनेमागीतांचा ऑर्केस्ट्रा. एका वर्षी ऑर्केस्ट्रावाल्याने दुसरीकडची सुपारी घेतली. गणपती उठल्यावर मेळाव्याच्या सेक्रेटरींचा बायकोला फोन आला. हे गृहस्थ कारखान्यात टाइम ऑफिसला होते आणि तिला लहानपणापासून ओळखत होते.

“ताई, तुमी म्युझिक करता म्हणे. आपलाच प्रोग्राम हाय. जेवनानंतर जरा वेळ वाजवा कायतरी.”

तिने हो म्हटलं. अण्णांना कळलं तसा त्यांचा फोन आला. मी समोरच होतो, फोन स्पीकरवर होता.

“तिथं नको,” अण्णा म्हणाले.

“का?”

“नको म्हनतो ना. तुला काय, पुन्यात वाजव, नगरला वाजव.”

“तुम्हीच तर सगळ्यांना सांगता, गाणं सुरू व्हायचंय म्हणून. आता होऊ दे सुरू.”

मग अण्णा म्हणाले, “मी बोलतो त्ये येगळं. म्या बोललेलं घरातलं हाय. ती मानसं बोलतील, त्ये मला ऐकून घ्यावं लागंल. मला न्हाई ऐकवनार त्ये.”

ती म्हणाली, “मी वाजवणार, अण्णा.”

दसऱ्यापर्यंत ती मेळाव्यासाठीच्या नव्या रचनेवर बसली होती. कामावरून आली की स्वयंपाक आणि नंतर हेडफोन. रविवारी सकाळपासून. ती काय करते ते मला बाहेरून दिसायचं, ऐकू यायचं नाही. पडद्यावर ओळी सरकताना दिसायच्या. एकदा मी सहज विचारलं, “कारखान्याचा आवाज करतेस का?”

“छे. कारखान्याचा आवाज करायचा तर रेकॉर्डर घेऊन गेले असते.”

“मग?”

“मला जे ऐकू येतं ते करते.”

नोंद एवढीच की त्या रचनेत बाहेरून आणलेला एकही आवाज नाही. जे आहे ते सगळं तिने आकड्यांतून उभं केलेलं आहे.

मेळाव्याच्या दिवशी आम्ही सकाळीच पोचलो. हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या होत्या. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. साऊंडवाला गावातल्या मंडपवाल्याकडचा, विशीतला. तो तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून गेला.

“मॅडम, माईक किती लावू? गानार कोन?”

“एकही नको.”

“ढोलकी, बेंजो, मागून येनार हाय का?”

“नाही. हे आहे.” तिने लॅपटॉपकडे बोट केलं.

“हा!” त्याला हायसं वाटलं. “मग पेन ड्राइव्ह द्यायचा ना, मॅडम. म्या लावला असता. तुमी जेवायला बसला असता.”

तिने त्याला नॉबची पेटी दाखवली, काय फिरवलं की काय होतं ते सांगितलं. त्याने एक नॉब फिरवून पाहिला, मान डोलावली, आणि जाता जाता मला हळूच म्हणाला, “भाऊ, पब्लिक म्हातारं हाय. एखादं गानं ठेवलंय ना?”

सत्कार झाले. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. भाषणं लांबली. जेवणात पुरी, मसालेभात, वांग्याची भाजी आणि जिलेबी होती. जेवून माणसं परत खुर्च्यांवर आली तेव्हा ऊन खिडक्यांवर होतं. सेक्रेटरींनी माईकवर सांगितलं की आपल्या कॉलनीची कन्या आता आपल्यासमोर आधुनिक संगीत सादर करील. टाळ्या झाल्या. अण्णा पहिल्या रांगेत, सत्काराची शाल खांद्यावर तशीच. त्यांनी हाताची घडी घातली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

ती सुरू झाली. खाली एक जाड स्वर, त्यावर एक ओळ, मग दुसरी. साऊंडवाल्याचे मोठे बॉक्स होते, हेडफोनमध्ये जे कधी कळलं नसतं ते खुर्चीच्या पायांतून कळत होतं. माझ्या मागे दोघे बोलत होते.

“सुरू झालं का?”

“टेस्टिंग चाललंय.”

“लई येळ टेस्टिंग.”

“कॉम्पुटर हाय. टाइम घेतो.”

थोड्या वेळाने बोलणं थांबलं. मी मागे वळून पाहिलं. दोघांपैकी एकाची मान छातीवर आली होती. दुसऱ्याने भिंतीला डोकं टेकलं होतं. मग मी हॉलभर नजर फिरवली. वर्तमानपत्रातली सवय. शेवटच्या रांगेपासून झोप पुढे येत होती. बायकांच्या बाजूला पदर तोंडावर घेतले गेले होते. कोणी घोरत नव्हतं, पण खुर्च्यांवरची अंगं सैल पडली होती. सेक्रेटरी कोपऱ्यात उभे होते आणि एकेका झोपलेल्याकडे पाहून त्यांचा चेहरा पडत चालला होता. त्यांनी मला खूण केली: आवरतं घ्यायला सांगा. मी हललो नाही.

तिची मान खाली, लक्ष नॉबवर. दोन्ही ओळी एकमेकींपासून दूर जाऊन पुन्हा जवळ येत होत्या. त्या जुळायच्या आधी तिने मान वर केली, पुण्यात केली होती तशी, ऐकणाऱ्यांकडे पाहायला. तिला पूर्ण हॉल झोपलेला दिसला. मग तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. अण्णांची घडी सुटली होती. हात मांडीवर, शाल घसरलेली, तोंड किंचित उघडं. गाढ झोप.

तिचा चेहरा मी ओळखतो. रडायचा नव्हता तो. ड्रॉइंग कोणी न बघताच परत पाठवलं की होतो, तसा झाला. तिच्या रचना नेहमी सावकाश विरत संपतात. त्या दिवशी तिने तसं केलं नाही. बोट उचललं आणि थांबवायचं बटण दाबलं. आवाज एका क्षणात तुटला.

सगळा हॉल उठला.

हे शब्दशः घ्यावं. खुर्च्या मागे सरकल्याचा एकच मोठा आवाज झाला. डोळे उघडायच्या आधी माणसं पायांवर होती. मागच्या दोघांपैकी एकजण वाकून चपला शोधत होता. दुसरा म्हणाला, “अडकली! अडकली!” कोणीतरी दाराकडे निघालंही होतं. बायकांच्या बाजूने आवाज आला, “अगं बाई, बंद पडली!” आणि एका आजीने शेजारणीला सांगितलं, “चहा टाक गं, आता काय ह्ये लवकर येत न्हाईत.” अण्णा उभे होते. शाल जमिनीवर पडली होती. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं, जुनी मिल जिथे होती त्या दिशेला.

गाळप सुरू व्हायला अजून दिवस होते. जुनी मिल तर भंगारात गेली होती. हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

जागेवर राहिलो ते आम्ही तिघेच. मी, ती आणि साऊंडवाला. तो घाबरून म्हणाला, “माझी वायर नीट हाय हां! माझ्याकडून काय झालेलं न्हाई!”

मग माणसांना जाग आली, म्हणजे पूर्ण जाग. ती एकमेकांकडे पाहायला लागली. चपला शोधणारा एक पाय चपलेत घालून तसाच उभा राहिला आणि त्यालाच आधी हसू फुटलं. “आयला, चाललो हुतो की ड्युटीवर!” त्याच्या बोलण्यावर हसणं हॉलभर पसरलं. चहा टाकायला सांगणाऱ्या आजींची चेष्टा सुरू झाली. “वहिनी, साखर जास्त घाला, आपलीच हाय!”

अण्णा हसत नव्हते. ते स्टेजच्या कडेपाशी गेले. मी जवळ होतो, म्हणून ऐकू आलं.

“बंद का केलं?”

“तुम्ही झोपला होता, अण्णा.” तिचा आवाज कोरडा होता.

“मग?”

“मग काय? सगळेच झोपले.”

अण्णांना तिचं म्हणणं कळेना, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “अगं, चालू हुती म्हनूनच झोपलो ना. मिल काढल्यापासनं दुपारचा डोळा लागला न्हवता माझा.” मग लॅपटॉपकडे पाहून म्हणाले, “ह्ये तू केलं? ह्यातनं?”

“हो.”

“टेप न्हाई ना कुनाची?”

“नाही.”

अण्णा मागे वळून जागेवर गेले, शाल उचलली, झटकली, खांद्यावर घेतली, बसले. हॉल अजून उभाच होता. अण्णांनी उजवा हात वर केला आणि तर्जनी हवेत गोल फिरवली.

खूण स्टेजवर पोचायच्या आधी हॉलला कळली. माणसं बसली. तिने जिथे तोडलं होतं तिथूनच ओळ पुन्हा उचलली. या वेळी कोणी झोपलं नाही. माझ्या मागच्या दोघांत वाद लागला. एक म्हणत होता की हा जो वर चढत जाणारा आवाज आहे तो साखरेच्या मशीनचा. दुसरा म्हणत होता की छे, टर्बाइन, आणि शपथ घ्यायला तयार होता. त्या रचनेत असं एकास एक काही नाही, हे मला नंतर तिच्याकडून कळलं. तेव्हा मी वाद चालू दिला. पुढच्या रांगेतला एकजण डोळे मिटून मांडीवर बोटं वाजवत होता आणि दोन्ही ओळी जुळल्या तेव्हा त्याचं बोट त्याच क्षणी थांबलं. पुण्याच्या कार्यक्रमात तो क्षण कोणी पकडल्याचं मी पाहिलं नव्हतं.

संपवायची वेळ आली हे तिच्या हातांवरून मला समजलं. मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, “ताई, बंद करताना आधी सांगा! वय झालंय आमचं!”

हशा पिकला. तिलाही हसू आलं. तिने नॉब सावकाश मिटत आणले. आवाज दाराआड गेला, मग फक्त खालचा जाड स्वर उरला. तिने अण्णांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच पाहत होते. त्यांनी तळहात उघडा धरला आणि सावकाश खाली नेला. हात मांडीला टेकला तेव्हा तिने बंद केलं.

कोणी उठलं नाही. मग टाळी पडली, आणि ती ऑर्केस्ट्राला पडते तशी नव्हती. हंगाम संपताना शेवटच्या मोळीनंतर मिलमध्ये जशी टाळी पडायची तशी ती होती, असं अण्णांनी, त्यांना कोपरगावात सोडायला जाताना, गाडीत सांगितलं.

परतीच्या वाटेवर तिने मला एकच गोष्ट सांगितली. “मला माहीत नव्हतं की मी हे करत होते. इतकी वर्षं.” बाकी पूर्ण रस्ता ती खिडकीबाहेर उसाचे फड पाहत होती आणि मध्येच हसत होती, तिच्या नेहमीच्या सगळ्यांआधीच्या हसण्यापेक्षा वेगळं.

मेळाव्याचं प्रसिद्धिपत्रक सेक्रेटरींनी कचेरीत पाठवलं. ते माझ्याच टेबलावर आलं. सत्कारमूर्तींची नावं, पाहुण्यांची नावं, आणि शेवटी एक वाक्य: आधुनिक संगीताच्या कार्यक्रमाने उपस्थित श्रोते मंत्रमुग्ध झाले. घरच्या माणसाचा मजकूर स्वतः पाहायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. मी तो शेजारच्या सहकाऱ्याकडे दिला. त्याने ते वाक्य न विचारताच काढलं. ते योग्यच झालं. वस्तुस्थितीलाही ते धरून नव्हतं. श्रोते मंत्रमुग्ध झाले नव्हते. ते झोपले होते, आणि त्यांना झोपवणं दुसऱ्या कोणाला साधलं नसतं.

अण्णा आता नगरला आले की दुपारचं जेवण होऊन चटई अंथरली जाते. ते आडवे होतात आणि तर्जनी गोल फिरवतात. ती लावते. थोड्याच वेळात त्यांचा डोळा लागतो. नातेवाईक गाण्याबद्दल अजून विचारतात. अण्णांचं उत्तर बदललं आहे: “बसून ऐकायचं न्हाई त्ये. झोपून ऐकायचं.” लोक हसतात. ती आता सगळ्यांच्या शेवटी हसते.

रचना संपत आली की ती खुर्चीतून उठते, चटईपाशी बसते आणि त्यांच्या खांद्याला हात लावते. “अण्णा, आता बंद करते हां,” म्हणते. ते डोळे न उघडता तळहात खाली नेतात. मग ती बंद करते.